सहल आखताना : वसईचे मीठ, दगड आणि लोखंड

(वालीव परिसरातील शिक्षक, अधिकारी व लोकप्रतिनिधी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वालीव म्हटले की आज कारखाने डोळ्यांसमोर येतात. गोखिवरे, सातिवली, वालीव या पट्ट्यातील लहानमोठे गाळे, मालाची ने-आण करणारे टेंपो आणि पाळी सुटताच रस्त्यावर लोटणारी माणसे हे येथील रोजचे दृश्य होय. येथील शाळांत बसणाऱ्या अनेक मुलामुलींचे आईवडील याच गाळ्यांत काम करतात. कित्येकांचे मूळ गाव शेकडो मैलांवर आहे. या मुलांना उद्योग म्हणजे काय असे विचारले, तर पत्र्याचे छप्पर, विजेचे यंत्र आणि कामाची पाळी एवढेच उत्तर येते. उद्योग या तालुक्यात महामार्गाबरोबर आला, त्यापूर्वी येथे भातशेती, बागायत आणि मासेमारीच होती, अशी त्यांची समजूत असते. मोठ्या माणसांचीही समजूत बहुधा याहून वेगळी नसते.

वस्तुतः वसई हा उद्योगांचा फार जुना मुलूख आहे. सोळाव्या शतकात आगाशी व वसई येथे सागरपर्यटनाला योग्य अशी जहाजे बांधली जात. वसईचा घडीव दगड समुद्रमार्गे गोव्यापर्यंत जाई. खाडीकाठच्या खाजणांत पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकत आले. १८६४ साली मुंबई व सुरत ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली, ती याच तालुक्यातून आणि याच खाडीवरून. या साऱ्यांच्या खुणा वालीवपासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत. तरीही शाळांच्या सहली बहुतकरून जलक्रीडेच्या उद्यानांकडे वळतात. किल्ल्यावर गेल्याच, तर दोन तासांत छायाचित्रे काढून आणि डबे खाऊन परत येतात. मुलांनी पाण्यात खेळू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या खर्चाला शैक्षणिक सहल हे नाव देणे जरा धाडसाचे आहे.

जुन्या उद्योगांच्या जागा पाहण्याची सहल इतर सहलींहून वेगळी आखावी लागते. देऊळ किंवा राजवाडा पाहताना वास्तू समोर उभी असते. येथे पाहायची असते ती कृती. माणसाने कोणता कच्चा माल कसा हाताळला, कोणती नैसर्गिक शक्ती कामाला लावली आणि तयार माल कोणत्या वाटेने बाहेर धाडला, हे मुलांना दिसले नाही, तर समोर उरतो तो चिखल, दगडांचा ढीग आणि गंजलेले लोखंड. म्हणून आखणीचा पहिला प्रश्न ‘कोठे जावे’ हा नसून ‘केव्हा जावे’ हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर वसईत समुद्र देतो. मिठागर, बंदर आणि खाडी ही तिन्ही भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालतात. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक साधा आडाखा परंपरेने चालत आलेला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा आडाखा ठोकळ मानाचा आहे आणि सहलीपूर्वी छापील भरती-ओहोटी कोष्टकाशी तो ताडून पाहावाच. परंतु गणिताच्या शिक्षकाने तो वर्गात सोडवून घेतला, तर सहलीचा दिवस मुलांनीच ठरवल्यासारखे होते. पंचांग, चंद्र आणि समुद्र यांचा संबंध पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा त्यांना अधिक चांगला कळतो.

या आडाख्यानुसार फेब्रुवारी महिन्यातील तृतीयेचा दिवस सोयीचा पडतो. त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती असते. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस मोठ्या उधाणाचे असल्याने भरतीचे पाणी किती वर चढते हेही दिसते. फेब्रुवारीत मिठाचा हंगाम चालू असतो आणि सकाळचे ऊन सोसवते. एप्रिल-मे मध्ये मीठ अधिक दिसेल, पण मिठागरात सावलीला झाड नसते. मुलांना तेथे दुपारी उभे करणे योग्य नव्हे. पावसाळ्यात तर तेथे पाहण्यासारखे काहीच नसते, शिवाय धोका असतो. ही सखल जमीन आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसईच्या मिठागर वस्तीतील माणसे पाण्याने वेढली गेली होती, हे येथील अधिकाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

म्हणून सकाळी प्रथम मिठागर गाठावे. नायगाव, जूचंद्र या बाजूंच्या खाडीकाठी मिठागरांचा विस्तीर्ण पट्टा आहे. मात्र तेथील सर्वच आगरे आज चालू नाहीत. कोणत्या आगरात या हंगामात काम आहे, हे शिक्षकाने आठ-पंधरा दिवस आधी स्वतः जाऊन पाहावे, मालकाची किंवा भाडेपट्टेदाराची परवानगी घ्यावी आणि जागा केंद्र सरकारच्या मीठ विभागाच्या अखत्यारीतील असेल तर तेथेही पत्र द्यावे. ही आधीची फेरी टाळू नये. काम बंद असलेल्या आगरात चाळीस मुले नेऊन उभी केली, तर ती सपाट मैदान पाहून परत येतील.

मीठ ‘पिकते’ असे आपल्या भाषेत म्हणतात आणि ते यथार्थ आहे. पावसाळा संपला की बांधबंदिस्ती होते. वाफ्यांचा तळ चोपून, तुडवून इतका घट्ट करतात की पाणी जमिनीत मुरू नये. उधाणाच्या भरतीचे पाणी प्रथम मोठ्या साठवणीत घेतात. तेथून ते एका उथळ खणातून दुसऱ्यात असे पुढे पुढे सरकवले जाते. प्रत्येक टप्प्यावर ऊन आणि वारा त्यातील पाणी उडवून नेतात आणि उरलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते. समुद्राच्या पाण्यात वजनाने साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. ते आटून मूळच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले म्हणजे मिठाचे स्फटिक धरू लागतात. त्याआधी चुन्याचे क्षार खाली बसतात. मीठ धरल्यानंतर जे कडवट पाणी उरते ते वेळीच बाहेर काढावे लागते, नाहीतर मिठालाही कडूपणा येतो. पाण्याची घनता बोमे अंशांत मोजतात आणि पंचवीस अंशांच्या आसपास मीठ उतरते. जुनी जाणती माणसे उपकरणाशिवाय, पाण्याच्या रंगावरून आणि बोटांच्या स्पर्शावरून, हा क्षण ओळखतात.

वाफ्यांच्या चढउताराकडे मुलांचे लक्ष मुद्दाम वेधावे. भरतीने उचलून दिलेले पाणी पुढे शक्य तेथवर उतारानेच वाहते. उष्णता सूर्याची, उचल चंद्राची आणि बाकी सर्व अंगमेहनत माणसाची, असा हा कारखाना आहे. ही अंगमेहनत गोड करून सांगू नये. अनवाणी पायांनी खाऱ्या पाण्यात तासन्‌तास उभे राहून मीठ ओढणे आणि टोपल्यांनी ते ढिगावर नेणे हे कष्टाचे काम आहे. पायांना पडणाऱ्या भेगा मिठाने चरचरतात. अवेळी पाऊस आला तर तयार मीठ विरघळून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. कामगारांची परवानगी घेऊन मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत. परंतु त्यांचे काम थांबवून नव्हे, आणि न विचारता छायाचित्रे काढून तर मुळीच नव्हे. वाफ्यात कोणी उतरू नये. एका वर्गाच्या बुटांनी चोपलेला तळ बिघडला, तर तो पुन्हा चोपण्याचे श्रम दुसऱ्याला पडतात.

मिठागर पाहताना इतिहासाच्या शिक्षकाला १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवल्यावाचून राहणार नाही. दांडी सर्वांना ठाऊक असते. मुंबईतील वडाळा आणि कोकणातील शिरोडा येथेही सत्याग्रह झाला, हे मुलांना सांगावे. मिठावरचा कर म्हणजे काय, हे मिठाच्या ढिगाशेजारी उभे राहून चटकन समजते. आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मुंबईतील मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन घरबांधणीसाठी घेण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. शहराला घरे हवीत हेही खरे आणि सखल जमीन पाणी सामावून घेते हेही खरे. त्या वादाचा निर्णय सहलीत लागणार नाही. पण मीठ पिकवण्याचे कौशल्य जाणणारी माणसे जमिनीबरोबरच पांगतात, आणि त्यांचे शब्द, त्यांची अवजारे कोणी लिहून ठेवलेली नसतात. एका शाळेच्या एका वर्गाला हे लिहिणे सहज शक्य आहे. म्हणून प्रत्येक गटाच्या वहीत एक पान केवळ शब्दांसाठी राखून ठेवावे. बांधाला, वाफ्याला, पाणी सोडण्याच्या वाटेला, मीठ ओढण्याच्या अवजाराला काम करणारा माणूस जे नाव सांगेल, तेच त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावे. पुस्तकी नाव शोधू नये.

साडेनऊ-दहाच्या सुमारास तेथून निघून किल्ला गाठावा. वसईचा किल्ला सर्वांच्या परिचयाचा आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. १८०२ चा प्रसिद्ध तह येथलाच. ही हकिकत पाठ्यपुस्तकांत येते आणि किल्ल्यावर गेलेला प्रत्येक वक्ता युद्धाच्या वर्णनात रंगून जातो. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु या सहलीत किल्ला हा दगडकामाचा आणि बंदराचा नमुना म्हणून पाहावयाचा आहे, हे आधीच ठरवून घ्यावे.

प्रार्थनामंदिरांच्या भग्न भिंतींजवळ उभे राहिले की दोन प्रकारचे काम स्पष्ट दिसते. भिंतीच्या पोटात ओबडधोबड दगड आणि चुना. कोपरे, कमानी आणि चौकटी यांना मात्र काटेकोर घडवलेले चिरे. असे का, हा प्रश्न मुलांना विचारावा आणि उत्तर लगेच सांगू नये. घडाईला वेळ आणि कुशल हात लागतात. म्हणून घडीव दगड जेथे भार वळतो आणि जेथे नजर पडते तेथेच वापरायचा, हा हिशेब कोणत्याही काळच्या कारखानदाराला पटेल. गोव्यातील बॉम जेझू चर्चची पायाभरणी १५९४ साली झाली आणि १६०५ मध्ये ते पूर्ण झाले. त्याच्या दर्शनी भागाचा काळा पाषाण वसईहून नेलेला आहे. गोव्यात जांभा दगड विपुल असताना तीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून जड दगड गलबतांतून नेण्याची गरज का पडावी? जांभ्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही, वसईच्या दगडावर टिकते. मालाचा दर्जा चांगला असेल तर वाहतुकीचा खर्च परवडतो, ही गोष्ट वालीवच्या आजच्या उद्योजकांनाही नवी नाही.

ब्रिटिश अमदानीत तर किल्ल्यातील जागा भाडेपट्ट्याने देण्यात आली होती आणि तेथे साखर तयार करण्याचा उद्योगही झाला. लढाईची वास्तू कारखान्याची जागा झाली, ही नोंद मुलांना हमखास आवडते.

दुपारचे जेवण किल्ल्याच्या सावलीत उरकून सव्वादोनच्या आधी दर्या दरवाज्याकडे यावे. सकाळच्या ओहोटीत दूर गेलेले पाणी या वेळी धक्क्याशी आलेले असते. दरवाजा येथे का आहे, माल कोठे उतरत असेल आणि जड लाकूड व दगड चढवण्यासाठी भरतीची वाट का पाहावी लागत असेल, हे सांगण्याची गरज उरत नाही. जवळच पाचूबंदरच्या किनाऱ्यावर मच्छिमार बांधवांच्या नौका दिसतात. नौकेच्या दुरुस्तीचे काम चालू असेल, तर तेथे अर्धा तास अवश्य द्यावा. पश्चिम किनाऱ्यावर सागवानी जहाजे बांधण्याचे कौशल्य केवढे होते, याचा एक दाखला पुरेसा आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे आणि लोक ते पाहायला जातात. तिकडे एका जहाजाभोवती संग्रहालय उभे राहते. इकडे ज्या किनाऱ्याने त्याहून कितीतरी आधी जहाजे बांधली, तेथील सुताराच्या हत्यारांची साधी यादीही शाळेत नसते.

राहिला लोहमार्ग. हा भाग परतीच्या वाटेवर वसई रोड स्थानकावरून भाईंदरपर्यंत जाऊन येऊन पुरा करता येतो. दुपारी साडेतीननंतरच्या गाडीने निघून संध्याकाळच्या गर्दीपूर्वी परतावे. नायगाव सोडले की गाडी खाडीवर येते, मध्ये पाणजू बेट लागते आणि पुन्हा खाडी. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची मुंबई-सुरत वाहतूक २८ नोव्हेंबर १८६४ रोजी सुरू झाली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. त्या वेळच्या थांब्यांत वसईनंतर ‘पाणजे’ हे नाव होते. आज अनेक प्रवाशांना नावही ठाऊक नसलेल्या बेटाला तेव्हा गाडी थांबत असे!

मऊ चिखलाच्या या खाडीत पूल उभा करणे ही त्या काळी मोठीच अडचण होती. कर्नल केनेडी यांच्या आराखड्याप्रमाणे या रेल्वेने आपल्या मोठ्या पुलांसाठी मळसूत्री खांब वापरले. बिडाच्या पोकळ खांबाच्या तळाशी रुंद मळसूत्री पाते बसवायचे आणि लाकडात स्क्रू पिळावा तसा खांब गोल फिरवत चिखलात उतरवायचा. ही युक्ती शोधून काढणारा अलेक्झांडर मिचेल हा आयर्लंडमधील अंध अभियंता होता. या पद्धतीचे १८३३ चे एकस्व त्याच्या नावावर आहे. विज्ञानाच्या तासाला एक मोठा स्क्रू आणि ओल्या मातीने भरलेली बादली एवढ्या साहित्यावर हे दाखवता येते. साधी काठी आणि स्क्रू यांपैकी कोणावर अधिक भार टाकता येतो, हे मुलांनीच पाहावे. पुढे गाड्या जड झाल्या, पूल बदलले. आज गाडी ज्यावरून जाते ते काम नंतरचे आहे. हे मुलांना स्पष्ट सांगावे, उगीच जुनेपणाची खोटी ऐट नको.

येथे एक ताकीद आवश्यक आहे. पूल पाहण्यासाठी रुळांवर किंवा पुलालगत जाणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खालील गुन्हा आहे आणि जिवावरचा खेळही. पूल गाडीच्या खिडकीतूनच पाहावा, दारात कोणी उभे राहू नये. लोकल गाडीत चाळीस मुले एका डब्यात चढवण्याचा प्रयत्न करू नये. दहा मुलांमागे एक मोठे माणूस आणि प्रत्येक गटाचा डबा आधीच ठरलेला असावा. किल्ला हे संरक्षित स्मारक आहे. भिंतीवर नाव कोरणे किंवा दगड उचलणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पंचायत सदस्य व नगरसेवक यांनी हेही ध्यानी ठेवावे की अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई असते आणि त्यापुढील दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. सहलीच्या निमित्ताने हे अंतर मुलांनी पावलांनी मोजले, तर नियम कागदावर राहत नाही.

सामानात पायात घट्ट बसणारे बूट, टोपी, प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी पुरे. मिठागराच्या बांधावर चपला घसरतात. आणखी एका माणसाची सोय करावी: तालुक्यातील एखादे वयस्क आगरी किंवा कोळी गृहस्थ वा बाई, ज्यांनी हे काम हाताने केले आहे, त्यांना मानधन देऊन सोबत न्यावे. वक्त्याला मानधन देण्याची आपल्याकडे प्रथा आहे, मीठ ओढलेल्या माणसाला मात्र आपण फुकट बोलावतो. खर्चाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम बसच्या भाड्याच्या ओळीखालीच लिहावी, म्हणजे शेवटी ती गळत नाही.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी शब्दांची पाने एकत्र करून त्यांची एक प्रत शाळेच्या दप्तरी आणि एक प्रभाग वा पंचायत कार्यालयात द्यावी. पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्यात भर घालावी. मुलांनी खाडीचे एक लिटर पाणी बाटलीत भरून आणलेले असेल, तर ते रुंद ताटात ओतून शाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवावे. त्यावर पातळ फडके बांधावे. ताट कोरडे होण्यास किती दिवस लागले ते रोज फळ्यावर मांडावे आणि अखेरीस उरलेला क्षार तराजूत घालावा. समुद्राचे पाणी असेल तर तो पस्तीस ग्रॅमच्या जवळपास भरतो. खाडीच्या पाण्यात गोडे पाणी मिसळलेले असेल तर कमी. किती कमी, आणि ते गोडे पाणी कोठून आले, याचा शोध मुलांना खाडीच्या वरच्या अंगाला नेईल. पुढच्या सहलीची जागा त्यांनी तेथूनच सुचवावी.